सातव्या घरचा विडा

“दौलतरावजी, तुम्हाला केवढ्याला विकताहेत हो?”

विचारलं मी. भर मैदानात, चांगल्या खणखणीत आवाजात. मागे लिंबाआड सुहासिनी आणि शालिनी एकमेकींचे हात घट्ट धरून उभ्या होत्या. पैज त्यांनीच लावली होती. “तुझं काय जातंय बोलायला? त्यांच्या तोंडावर विचारून दाखव, तर खरी,” असं शालिनी मधल्या सुट्टीत म्हणाली, आणि मी म्हटलं, आजच विचारते. शाळेच्या संमेलनात वक्तृत्वाचा पेला मिळाल्यापासून माझं तोंड उघडलंय ते मिटायला तयार नाही, असं आई म्हणते. खरंच आहे. न मिटो.

दौलतरावांच्या अनवाणी पायाखाली बॉल होता. शिलेदार फुटबॉल क्लबचा हा माणूस पंधरा वर्षं पुढच्या फळीत इनसाइड-लेफ्टला खेळतो आणि पंधरा वर्षांत तो धावलेला कोणी पाहिला नाही. “पळणं हे बॉलचं काम,” ते म्हणतात. उभ्या जागी मान वळवायची, पायाच्या अंगठ्याने बॉलला जरा समजावून सांगायचं, आणि बॉल निमूट चार जणांच्या मधून निघून पुढे पळणाऱ्या तरण्या रघुवीरच्या पुढ्यात हजर. लोक तिकीट काढून ते बघायला येत. येत असत, म्हणायला हवं. गेल्या सीझनला सगळ्या मॅच हरलो, आणि शेवटच्या मॅचला तर कठड्यावरून कोणीतरी ओरडलं, “अरे भिया, अब दादाजी को खटिया दे दो!”

माझा प्रश्न ऐकून ते हसले. “विकताहेत? मला? कोण गं ताई?”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. त्यांना माहीतच नव्हतं.

“क्लब,” मी म्हटलं. आता मागे कसलं सरायचं? “कापडाच्या मिलला देऊन टाकणार तुम्हाला. मिल आपल्या अकरा जणांना बूट देणार आणि तुम्ही मिलच्या टीममध्ये जाणार. आमचे आबा आणि क्लबचे नानासाहेब बोलत होते, मी ऐकलं.”

हसू तसंच राहिलं, फक्त डोळे त्यातून निघून गेले. “अकरा जोड?” ते म्हणाले. “भाव बरा आला की.” मग त्यांनी रघुवीरकडे बॉल ढकलला, आणि तो रघुवीरपासून चांगला दहा हात लांब गेला. सरळ नालीत. रघुवीर नालीत उतरला.

परतताना सुहासिनी म्हणाली, “चारू, तू फार वाईट केलंस.” मी म्हटलं, “बिल्कुल नाही. वाईट त्यांनी केलंय, मी फक्त मोठ्याने बोलले.”

पण घास गेला नाही त्या दिवशी, हेही खरं.

*

आता क्लबचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमचा क्लब सात घरांचा, सातवं आमचं. सातही घरं एकेकाळी दरबारच्या फौजेत शिलेदार, म्हणजे स्वतःच्या घोड्यावर चाकरी करणारी. घोडे गेले, दरबार गेला, मध्यभारत राज्य आलं, दरबारची देणगी थांबली, आणि उरला फुटबॉल. तरी ऐट अजून घोड्यावरचीच. क्लबचं काही ठरवायचं असलं की नानासाहेबांच्या ओसरीवर घोंगडी अंथरतात, मध्ये चांदीचं ताट, ताटात सात विडे. बोलणं झालं की प्रत्येक घराने आपला विडा उचलायचा. उचलला म्हणजे मान्य. सातही उचलले की विषय मिटला. एक जरी ताटात राहिला तरी तो मिटत नाही, मग भले तो सुकून चिवडा होवो. मुंबईहून आलेल्या माझ्या मावशीला ही रीत ऐकून हसू आवरेना. आम्हाला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही.

आणि आठवा विडा ताटात कधी पडला नाही. दौलतरावांचं घर बारगिरांचं, म्हणजे दुसऱ्याने दिलेल्या घोड्यावर बसणारं. त्यांनी पंधरा वर्षं क्लबला जिंकवावं, पण घोंगडीवर बसू नये.

रविवारी बैठक होती. आबा म्हणजे माझे वडील, प्रतापराव, सचिवालयात कारकून. सरकार उन्हाळ्यात इथे इंदूरला आणि थंडीत ग्वाल्हेरला, आणि सरकारच्या फायलींबरोबर आबाही. ते चार दिवसांच्या रजेवर आले होते आणि त्याआधीच्या सोमवारी ग्वाल्हेरची गाडी पकडताना आईला सांगून गेले, “चारूला पाठव बैठकीला. काही बोलायचं नाही, विडा उचलायचा आणि घरी यायचं. नानासाहेबांशी माझं सगळं बोलून झालंय.”

मोठ्या माणसांच्या चुका फार साध्या असतात. त्यांना हात हवा होता, आणि हाताबरोबर बाकीची मुलगीही येईल हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

*

शनिवारी सकाळी शाळेच्या आधी मी कृष्णपुऱ्याला गेले. तिथे राजघराण्याच्या समाधी-छत्र्यांच्या मागे, नदीकाठी दौलतराव एकटेच सराव करतात असं रघुवीरने सांगितलं होतं. ते ज्या सायकलच्या दुकानात कामाला आहेत ते जवळच आहे, दुकान उघडायच्या आधी येतात.

पाहिलं तर पायात बूट! महूच्या छावणीतल्या पलटणीचे जुने, टाचेला लोखंड असलेले अवजड बूट. टाचेचं लोखंड काढून तळाला चामड्याच्या पट्ट्या ठोकलेल्या. यंदा स्पर्धावाल्यांनी नियम काढलाय, बूट नाहीत तर खेळ नाही. क्लबच्या गळ्याला फास लागला तो त्यामुळेच.

ते छत्रीच्या जोत्यावर बॉल मारत होते. एक बरोबर बसायचा, दोन भलतीकडे. मला बघून थांबले नाहीत.

“या ताई. आज काय नवीन भाव?”

“तुम्ही माझ्यावर रागावलात?”

“तुझ्यावर कशाला? तू एकटीच तर बोललीस.” बॉल परत मारला. भलतीकडे. “माझ्या पायाला डोळे होते गं. आता त्यांच्यावर पट्टी बांधलीये. जरा दम धरला की बंद डोळ्यांनीही दिसायला लागेल.”

मी सरळ विचारलं, “तुम्हाला जायचंय का मिलमध्ये?”

ते जोत्यावर बसले. बुटाची नाडी सोडली, परत बांधली.

“टाइमकीपरची नोकरी आहे म्हणतात. वाईट काय? सायकलची पंक्चरं काढण्यापेक्षा बरी. पण खेळायला नाही नेत आहेत ते मला. त्यांची टीम भरलीये. मला बाकावर बसवणार, म्हणजे मी तुमच्याकडून त्यांच्याविरुद्ध उभा राहायला नको. खामखा का कोणी अकरा जोड देईल?” मग म्हणाले, “रिसाला मोडला तेव्हा सकाळी बोलावलं. घोडा सोड म्हणाले, सोडला. इथे अंगठा कर म्हणाले, मी म्हटलं सही येते मला. सही केली. घोड्याला नाही विचारलं, ठीक आहे, त्याला बोलता येत नव्हतं.”

नदीवर धोब्यांचा आवाज येत होता.

“एक सीझन खेळायचंय मला. बुटात. मग मिल काय, मला पंढरीशेट शिंप्याच्या दुकानात शिलाईला बसवा. पण बूट जमले नाहीत म्हणून दौलत गेला, असं नको.” ते एकदम उठले. “चल, उभी राहा तिथे. त्या खांबापाशी.”

“मी?”

“मग काय छत्रीला म्हणू, जरा डावीकडे सरक?”

मी दप्तर ठेवलं, परकर वर खोचला आणि उभी राहिले. पहिला बॉल माझ्या कानाशेजारून गेला. दुसरा नदीत जाता जाता वाचला. तिसरा जमिनीलगत आला, सरळ, मऊ, जसा कोणी हातात आणून द्यावा, आणि माझ्या पायाला येऊन थांबला. मी अडवला नाही, तोच थांबला! मी अशी किंचाळले की धोबी वळून बघायला लागले.

“लांबचा नाही जमत अजून,” दौलतराव घाम पुसत म्हणाले. “जवळचा येतोय.”

शाळेत मला उशीर झाला. बाईंनी उभं केलं. तासभर मी खुशीने उभी होते.

*

रविवारी नानासाहेबांच्या ओसरीवर मी एकटीच परकरातली होते, बाकी सहा जण कोटातले. नानासाहेब दरबारच्या घोडदळात रिसालदार होते, मिशा अजून रिसालदारच आहेत. मला बघून खूश झाले. “ये ये, प्रतापची पोर ना? बैस. आता घोंगडीवर बसलीस म्हणजे हा विषय मिटेपर्यंत तुझ्या घरचा हात तूच. मध्येच भूक लागली म्हणून उठून आईला पाठवायचं नाही बरं का! तुझ्या आजोबांच्या वेळी काका-पुतण्यात मारामारी झाली होती त्यावरून, तेव्हापासून नियम आहे.”

सगळे हसले. मीही हसले.

मग नानासाहेबांनी विषय मांडला, आणि चांगला मांडला, मला कबूल करायला हवं. बुटांशिवाय टीम उतरत नाही. टीम उतरली नाही तर क्लब संपला, सात घरं आणि एक घोंगडी एवढंच राहील. दौलत सदतिसाचा झाला. त्याला नोकरी मिळतेय, पेन्शनीची. त्याच्या जागी रघुवीरला आणू. “भावनेने क्लब चालत नाही. दौलत आपलाच आहे, म्हणूनच त्याचं भलं बघतोय आपण.”

माझ्या शेजारी बसलेल्या शंकररावांनी विडा उचलला. मग दुसऱ्यांनी. एकेक करत सहा. ताटात माझा एकटाच राहिला, हिरवागार, वर लवंग टोचलेली.

“उचल बाळ,” नानासाहेब म्हणाले.

“दौलतरावांना विचारलंत का?”

“काय?”

“त्यांचं भलं बघताय ना. मग त्यांना विचारलंत का, की हे भलं त्यांना हवंय का?”

शंकरराव हसले. “अगं, विडा आहे तो, साप नाही. उचल आणि घरी जा, आई वाट बघत असेल.”

“मला दिसतंय विडा आहे ते. म्हणूनच विचारतेय. त्यांना कशाला विचारायचं असं वाटतंय तुम्हाला, की विचारलं तर नाही म्हणतील याची भीती वाटतेय?”

“चारुलता!” नानासाहेबांचा आवाज परेडवरचा झाला. “तो बारगिराच्या घरचा. त्याला इथे विडा नाही.”

“मग त्याचा सौदा पण इथे नको.”

मला माहीत नाही हे वाक्य माझ्याकडे कुठून आलं. संमेलनाच्या भाषणात नव्हतं. पण बोलून झाल्यावर मला फार बरं वाटलं.

“तुझ्या बापाने शब्द दिलाय मला,” नानासाहेब म्हणाले.

“शब्द आबांनी दिलाय. हात माझा पाठवलाय. नियम तुम्हीच सांगितलात आत्ता.”

मी उठले, नमस्कार केला आणि चपला घातल्या. मागून शंकरराव म्हणत होते, “अहो, एक पोर आहे ती, तिचा विडा आपणच उचलून टाकू,” आणि नानासाहेब त्यांच्यावर असे खेकसले, “हात लावशील तर खबरदार! ताट आहे ते, भेळेची गाडी नाही!” मला त्या वेळी नानासाहेबांचा जरा अभिमानच वाटला.

फाटकाबाहेर रघुवीर सायकल धरून उभा होता. मला वाटलं, हा चिडलेला असणार, याच्या हातातली जागा गेली.

“झालं?” त्याने विचारलं.

“नाही झालं. विडा तिथेच आहे.”

त्याने मोठा श्वास सोडला. “बच गए यार. मला त्यांच्या जागी उभं करणार होते. मी नुसता पळतो गं चारू. कुठे पळायचं ते दौलतदा सांगतात.” मग म्हणाला, “आणि बूट महूच्या बाजारात ढिगाने पडलेत, पलटणीचे जुने. मोच्याकडून पट्ट्या ठोकून घेतल्या की झालं. दौलतदांनी स्वतःचे तसेच केलेत. मी चार वेळा सांगितलं शंकररावांना. म्हणतात, शिलेदार क्लब काय उतरलेले बूट घालणार?”

“दुसऱ्यांचे उतरलेले नको, पण मिलची भीक चालते?” मी म्हटलं.

“हे तू त्यांना का नाही बोललीस?”

“आत्ता सुचलं ना!”

*

नानासाहेबांनी ग्वाल्हेरला तार केली. ‘ताबडतोब या’ एवढंच. आबांना वाटलं घरी कोणीतरी गेलं. रात्रभर थर्ड क्लासमध्ये उभं राहून आले, आणि सगळे धडधाकट दिसल्यावर त्यांना आधी आनंद झाला आणि मग राग आला, दोन्ही एकाच मिनिटात.

“चारे! काय केलंस तू?”

आई चुलीपाशी होती. मी दारात उभी राहून सगळं सांगितलं. मैदानावरचा प्रश्न, छत्र्या, बूट, घोंगडी. काही लपवलं नाही, काही वाढवलंही नाही. फार थोडं वाढवलं.

आबा खुर्चीत बसले. “माझा शब्द गेला. तीस वर्षं त्या माणसाला मी काका म्हणतोय. तू सोळा वर्षांची, तुला कळतं तरी का क्लब कसा चालतो? उद्या सकाळी माझ्याबरोबर यायचं, नानासाहेबांची माफी मागायची आणि विडा उचलायचा. संपलं.”

“दौलतरावांना विचारल्याशिवाय?”

“त्याला काय विचारायचं! नोकरी मिळतेय त्याला!”

“तुम्हाला विचारलं होतं का आबा?”

“मला? कशाबद्दल?”

“ग्वाल्हेरचं. दर थंडीत ट्रंक भरता तेव्हा आईला काय म्हणता? ‘फायलीला विचारत नाहीत, मला कशाला विचारतील.’ नोकरी तुमचीपण चांगलीच आहे की.”

आईची भाकरी तव्यावर जरा जास्तच वेळ राहिली, करपल्याचा वास आला, तरी तिने ती उलटली नाही. ती माझ्याकडे बघत होती. तिला मी असं बघताना कधी पाहिलं नव्हतं. रागाने नाही. जसं कोणी आपल्याच पेटीतली विसरलेली वस्तू काढून बघावी तसं.

“मिल उद्यापर्यंतच थांबणार आहे,” आबा हळू आवाजात म्हणाले. “मिलने हात काढला आणि टीम उतरली नाही, तर नाव आपल्या घराचं येईल. सातव्या घराने क्लब बुडवला म्हणतील. झेपेल तुला?”

खरं सांगायचं तर तो प्रश्न बरोबर होता. दौलतरावांचे लांबचे पास अजून भलतीकडे जातात. महूचे बूट जड आहेत. पहिल्याच मॅचमध्ये चार गोल खाऊन घरी येऊ, आणि कठड्यावरून कोणीतरी ओरडेल. सगळं होऊ शकतं. पण माझ्या पायापाशी येऊन थांबलेला तो तिसरा बॉल मला अजून जाणवत होता, बोटांना.

“झेपेल,” मी म्हटलं.

“चारू...”

“ऐका आबा, आई तूपण ऐक. माझं ठरलंय. उद्या मी येणार. घोंगडीवर बसणार. नानासाहेबांना नमस्कार करणार, कारण ते मोठे आहेत. माफी मागणार नाही, कारण मी चुकले नाही. आणि जाताना दौलतरावजींना दुकानातून बरोबर घेऊन जाणार आहे. त्यांना माझ्या शेजारी, आपल्या घरच्या जागेवर बसवणार आणि सगळ्यांसमोर विचारणार. ते म्हणाले जातो, तर त्याच क्षणी विडा उचलीन, तोंडात टाकीन आणि चावून खाईन. ते म्हणाले खेळतो, तर तो ताटातच राहील, आणि तुम्ही, नानासाहेब, अख्खं मध्यभारत सरकार आलं तरी मी त्याला हात लावणार नाही.”